डाव्या हाताचं ताट

माझ्या घरी कॅनडाची पोरगी येत होती म्हटलं की नातवंडं हसतात. त्यांना वाटतं आजी फेकते. पण खरंच येत होती. ऐंशी सालानंतरची गोष्ट. वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला आमचं दोन खोल्यांचं घर, पुढे ओसरी, आणि त्या ओसरीसमोर सायकल रिक्षातून ती उतरायची. उंच इतकी की दारातून आत येताना दर वेळी वाकायचं विसरायची आणि दर वेळी कपाळ आपटून घ्यायची. सोबत नागपूरच्या कॉलेजची एक मुलगी असे, तिचं म्हणणं आम्हाला सांगायला.

दोघी एकच शिक्षण घेत होत्या, ऑक्युपेशनल थेरपीचं. मी विचारलं, म्हणजे काय गं? नागपूरची म्हणाली, "काकू, आजारातून उठलेल्या माणसाला रोजची कामं पुन्हा आपली आपण करता यावीत, ते शिकवायचं. आंघोळ, कपडे, जेवण." कॅनडाच्या पोरीला परीक्षेआधी काही महिने दुसऱ्या देशात जाऊन असं काम करावं लागत होतं. ती वर्ध्याच्या दवाखान्यात आली, आणि दवाखान्याने तिला आमच्या घरी धाडलं.

कारण आमच्या यांना लकवा झाला होता. पुलगावच्या मिलमध्ये होते. रोज गाडीने जाणं-येणं. एका सकाळी चपलेत पाय घालता घालता तिथेच बसले, ते उजवं अंग गेलं. तोंड वाकडं झालं, ते पुढे बरंच सरळ झालं. बोलणं जड झालं, पण कळायचं. हात मात्र खांद्यापासून लोंबायचा.

मी रडले नाही. लोक म्हणाले, बाई धीराची आहे. धीर-बीर काही नव्हता. आत काही हलतच नव्हतं, एवढंच. भाकर थापायची, तव्यावर टाकायची, पाणी फिरवायचं, उलटायची. त्यांना पुसायचं, बसवायचं, भरवायचं. कोणी विचारलं कसं काय, तर मी म्हणायची, बरं आहे. बरं नव्हतं आणि वाईटही नव्हतं. दिवस उजाडायचा.

मिलचा पगार थांबला. नालवाडीकडच्या एका मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला बाई पाहिजे होती. सकाळी जायचं, दिवे लागायला परत. तिथल्या बाई म्हणाल्या, महिना संपेपर्यंत तुझ्यासाठी थांबते, पुढे दुसरी पाहीन. सगळं अडलं होतं ते दुपारच्या जेवणावर. आमच्या पोरी शाळेत जायच्या. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, मी येऊन भरवत जाईन भाऊजींना. पण हे दुसऱ्या बाईच्या हातून घास घेणारे नव्हते. तेव्हा यांनी आपल्या डाव्या हाताने जेवायला शिकावं, तरच मला कामावर जाता येणार होतं. हे त्यांनाही माहीत होतं आणि दवाखान्याच्या त्या दोघींनाही.

कॅनडाची पोरगी मेहनती होती. जमिनीवर बसायचं तर तिला तिच्या पायांचं काय करावं कळायचं नाही, एकदा इकडे घडी, एकदा तिकडे. वहिनी कुंपणावरून पाहायच्या आणि म्हणायच्या, "विलायतचे पाहुणे येऊन राह्यले तुह्याकडे, आमाले तं बोलवतही नाईस." मी म्हणायची, "या ना, तिचे पाय उचलून ठेवाले माणूस पाहिजेच आहे."

एका वाटीतले तुरीचे दाणे उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचे, असं तिने यांना लावून दिलं. डाव्या हाताने. पहिले दाणे घरभर झाले, मी आणि माझ्या पोरी वेचत बसायचो. पुढे हात बसला. सदऱ्याची बटणं एका हाताने लावायला लागले. चहाचा कप तर पहिल्यापासून डाव्या हातात धरायचे. तिने एक चमचा आणला होता, त्याच्या दांड्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून जाड केलेला, पकड बसावी म्हणून. मी भाकर वरणात कुस्करून द्यायची, म्हणजे तोडायला नको. सगळी तयारी झाली होती. पण ताट समोर आलं की यांचा डावा हात मांडीवर जाऊन बसायचा.

"काकाजी, हात तर छान चालतो आता," नागपूरची म्हणायची.

"चालते," हे म्हणायचे.

"मग?"

"तिले येऊ दे." म्हणजे मला.

मी जायची, भरवायची. महिना सरत चालला होता.

मग कॅनडाच्या पोरीने ठरवलं की अडचण मी आहे. तसं तोंडावर म्हणाली नाही. नागपूरची म्हणाली, "काकू, ती म्हणते तुम्ही समोर असता म्हणून ते करत नाहीत. ताट ठेवायचं आणि बाहेर यायचं. दोन्ही वेळा. खाल्लं नाही तर उचलून घ्यायचं. भूक लागली की खातील. तिच्याकडे असंच करतात."

मी म्हटलं, "बरं." मला ते बरोबर वाटलं की चूक, हे मी मनाशी पाहिलंही नाही. सांगितलं तसं केलं.

दुपारी ताट ठेवलं, ओसरीवर येऊन बसले. आतून काही आवाज नाही. थोड्या वेळाने ताट होतं तसं उचललं. रात्री तेच. दुसऱ्या दिवशी तेच. चहा तेवढा प्यायचे, दोनदाचा चार वेळा. ते अन्न मी वहिनींच्या गाईला नेऊन घालायची. वहिनी म्हणाल्या, "आमची गाय मोठी नशिबाची वं. पण तू काऊन सुकून राह्यली?" मी म्हटलं, ऊन आहे.

आता हे नव्या पोरींना सांगावं लागतं. आमच्या घरी नवरा जेवल्याशिवाय बायको जेवत नसे. आणि जेवायची ती त्याच ताटात, त्याचं झाल्यावर. लग्न होऊन आले त्या दिवसापासून मी तशीच जेवत होते. लकवा झाल्यावरही त्यांना भरवून झालं की उरलेल्यात आपलं वाढून घ्यायची. त्यात कोणी मला सक्ती केली असं नव्हतं. पाणी गाळून प्यावं तसं ते होतं. मग ते जेवेनात, तर मीही चहावरच होते. भूक लागली होती का? आठवत नाही. चुलीपुढून उठताना डोळ्यांपुढे काळं यायचं, एवढं आठवतं.

त्या दोघी पुन्हा आल्या. मी ताट ठेवून ओसरीवर आले. कॅनडाच्या पोरीने पिशवीतून केळी काढली, एक मला दिलं. मी तसंच हातात धरून बसले. नागपूरच्या मुलीने पाहिलं.

"काकू, खा ना."

"राहू दे."

"जेवण झालं का तुमचं?"

"त्याईचं नाई झालं तं माह्यं कसं होईन?"

ती जवळ सरकली. मग विचारलं, "कधीपासून?" मी म्हटलं, तुम्ही सांगितलं तेव्हापासून. तिने इंग्रजीत सांगितलं. कॅनडाची पोरगी कानापर्यंत लाल झाली. उठली, आत गेली, कपाळ या खेपेला आपटलं नाही. मागोमाग नागपूरची. ओसरी आणि खोली यात एक पडदा, मला सगळं ऐकू येत होतं.

"काकाजी, ती विचारते, काकू उपाशी आहेत हे तुम्हाला माहीत आहे का?"

"मालूम आहे."

"मग जेवत का नाही?"

मग त्यांच्या त्या जड जिभेने, एकेक शब्द, "ते याच ताटात जेवते. मी डावा हात घालू याच्यात? ज्या हातानं धुतो, त्या हातानं उष्टं करू आन् तिले वाढू?"

नागपूरची मराठी मुलगी, तिला लगेच समजलं. पण ते इंग्रजीत सांगायला तिला फार वेळ लागला. पोरगी मधून मधून काही विचारत होती. शेवटी दोघी बाहेर आल्या आणि नागपूरची अवघडून म्हणाली, "काकू, ती म्हणते... तुम्ही वेगळं ताट घेतलं तर?"

साधी गोष्ट होती. घरात ताटं होती. फळीवर आहेराची चार पडून होती. पण आमच्या सासूबाईंनी आपलं वेगळं ताट घेतलं, ते सासरे गेल्यावर. फळीवरून खाली काढताना मी पाहिलं होतं त्यांना. हे त्या पोरींना कसं सांगायचं? मी म्हटलं, "पाहते." पडदा हलत नव्हता. आत त्यांनीही ऐकलंच असणार.

त्या गेल्यावर मी आत गेले. ताट तसंच होतं. वरणावर साय धरली होती. मी म्हटलं, "ताट मी बदलणार नाई. तुम्ही ज्या हातानं खासान, त्यातलंच खाईन. नाई खाल्लं तं नाई खाईन." रागाने नाही म्हटलं. भाजी काय करू विचारावं तसं म्हटलं. ते भिंतीकडे पाहत राहिले. मी ओसरीवर येऊन बसले.

किती वेळ गेला कोण जाणे. मग चमचा ताटावर वाजला. थांबला. पुन्हा वाजला. मग चमच्याचा आवाज बंद झाला आणि नुसता हाताचा, वरण ओढून घ्यायचा आवाज यायला लागला. रस्त्याने कोणी बैल हाकत नेत होतं. मी बसून होते.

आत गेले तेव्हा पाटाभोवती कालवलेली भाकर सांडली होती, सदऱ्यावर वरण होतं. चमचा बाजूला पडला होता. ताटात थोडं उरलं होतं, हाताने मधोमध गोळा करून ठेवलेलं. मी तिथेच बसले. त्यांच्या बोटांच्या रेघा होत्या वरणात. मी पहिला घास घेतला तोवर ते माझ्याकडे पाहत नव्हते. दुसऱ्याला पाहिलं.

"मीठ आहे ना?" म्हणाले.

"आहे," म्हटलं. मला काही चव लागत नव्हती. रडू आलं असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल, पण आलं नाही. मी ताट पुसून खाल्लं आणि घासायला नेलं.

वसतिगृहाच्या बाई थांबल्या होत्या. मी कामावर लागले. कॅनडाची पोरगी जाण्याआधी एकदा येऊन गेली. यांनी तिच्यासमोर जेवून दाखवलं, आणि तिने आपला डावा हात पुढे करून त्यांचा डावा हात हातात घेतला. नागपूरची म्हणाली, हिला चांगले मार्क मिळतील. मिळाले असतील.

हे मला म्हणत, "तिकडंच जेवत जाजो, एवढ्या पोरींचा सयपाक करते." मी हो म्हणायची. तिकडे पंगती उठल्या की बाकीच्या बाया जेवायला बसत, मी भांडी आवरायला घ्यायची. संध्याकाळी घरी यावं तर पाटावर ताट झाकून ठेवलेलं असायचं, डाव्या हाताने झाकलेलं, झाकण थोडं तिरकं. वरण गार झालेलं असायचं. मी पाय धुऊन त्याच्यापुढे बसायची.