चाचांच्या स्क्रिप्टमधला दोष

हरवलेली वस्तू शोधण्याआधी ती नेमकी कशी ओळखायची, हे ठरवून घेणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या पिंपरीच्या ऑफिसात पुस्तकांची पानं लावणारे चाचा. आम्ही कारखान्यांसाठी यंत्रांची माहितीपुस्तकं तयार करतो. चारशे पानांत एखादा आकडा बदलायचा, तर चाचा मांडणीच्या सॉफ्टवेअरसाठी स्वतः स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहीत: हा आकडा शोध, पण त्याच्यापुढे ‘बार’ हे दाबाचं माप असेल तरच, नुसता दिसला म्हणून हात लावू नकोस. सापडलेली प्रत्येक जागा स्क्रिप्ट पिवळी करी. मग चाचा ताठ बसून एकेक पिवळं तपासत, "तू बरोबर, तूही बरोबर," असं मोठ्यानं म्हणत. ऑफिसबाहेरही तेच. चऱ्होलीला एका लग्नघरी निघालो, तर वाटेत कुणीतरी सांगितलं, "ते लाल गेटाचं घर बघा." चाचा स्कूटरवरून उतरलेच. "लाल गेटं किती आहेत गल्लीत? त्याच्या आधी काय, नंतर काय?" आम्ही पोचलो तेव्हा जेवणं आटोपली होती. "उपाशी राहिलो," चाचा समाधानानं म्हणाले, "पण चुकीच्या घरी जेवलो नाही."

एका शुक्रवारी दुपारी चाचा नमाजला गेले होते. चाकणच्या एका कारखान्याचा माणूस माझ्यासमोर घड्याळ बघत बसला होता. पत्रा दाबणाऱ्या प्रेसचा दाब पुस्तकभर १२० बारवरून ८० करायचा होता. चाचांची स्क्रिप्ट चालवायला मला जमेना. मी साधा शोध उघडला, १२० च्या जागी ८० घातले आणि सगळं एका दमात बदलून टाकलं.

चाचा आले. "स्क्रिप्ट चालवली?"

"हो."

"पिवळं बघितलं?"

"बघितलं."

पुस्तक छापून गेल्यावर चाचांनीच ते चाळलं. ‘हात साच्यापासून १२० मिलिमीटर लांब ठेवा’ असं जिथं होतं, तिथंही ८० झालं होतं. ते मला घेऊन तसेच चाकणला निघाले. प्रत्येक प्रेसपाशी टांगलेलं पुस्तक काढून पेनानं आकडा दुरुस्त करत फिरले. कुणाला काही झालं नव्हतं. तरी चाचा एकेका कामगाराची बोटं निरखून बघत होते.

सुपरवायझर भडकला. "अहो चाचा, पोरांची बोटं गेली असती म्हंजे?"

"माझी स्क्रिप्ट चुकली," चाचा म्हणाले.

मी शेजारी उभा राहून हेल्मेटचा पट्टा घट्ट करत होतो.

त्यानंतर ते त्या स्क्रिप्टमधला दोष शोधू लागले. तिच्यात दोष नव्हताच, आणि ते फक्त मला ठाऊक होतं. नवं काम आलं की म्हणत, "नको राव, तिच्यावर भरवसा नाही आता," आणि अख्खं पुस्तक डोळ्यांनी वाचत. डोळे थकले तसे ते घरी बसले. आता सांगवीला मुलाकडे असतात.

परवा फोन आला. "राव, आज परत तपासली. कुठं चुकते ते सापडत नाही हो."

सांगायचंच, असं ठरवून मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "जाऊ द्या ना चाचा."

"जाऊ कसं देऊ? माणसांचे हात होते ते."