समोर कोण उभं राहणार

अलीम पठाणच्या गादी कारखान्याला लागून माझं शिलाईचं दुकान आहे. त्याच्या गाद्यांच्या खोळी मीच शिवतो. त्यामुळं हे जे सांगतोय ते थोडं डोळ्यांनी पाहिलेलं आणि बरंचसं त्याच्याच तोंडून ऐकलेलं आहे.

अलीम आमच्या श्रीरामपूरचा बॉक्सर. हौशी नव्हे, तिकीट लावून होणाऱ्या लढतींतला. सकाळी रेल्वे लाइनच्या कडेनं धावायचा, दिवसभर कापूस पिंजायच्या मशीनवर उभा राहायचा आणि मशीन बंद झालं की मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये टांगलेल्या पिशवीवर ठोसे मारायचा. त्याच्या लढती जुळवायचा वाल्मिक. हा पुण्याला असायचा, आणि कुणासमोर कुणाला उभं करायचं हे ठरवणं हाच त्याचा धंदा. त्याचा फोन आला की तारीख आणि शहर कळायचं, अलीम हो म्हणायचा. समोर कोण आहे हे त्यानं कधी विचारलं नाही. विचारणं म्हणजे भ्यायल्यासारखं, असं त्याला वाटायचं. "कोणीपण आणा," म्हणायचा, आणि दुकानात टेकलेल्या आम्हा मंडळींना त्याचं केवढं कौतुक.

काही वर्षांपूर्वी त्याची लढत बेंगळुरूच्या एका हॉटेलात होती. समोरच्याला माइकवर टायगर म्हणून पुकारलं, मुंबईचा म्हणून. गडी सडपातळ, उन्हात रापलेला, मान खाली घालून आलेला. दुपारी एक डॉक्टर दोघांच्या डोळ्यांत बॅटरी मारून गेला होता. लढत सुरू झाली आणि अलीमच्या लक्षात आलं, की आपला डावा हात हा नीट चुकवतोय, पण उजवा आला की पापणीसुद्धा हलवत नाही. त्याला बरंच वाटलं. कॉर्नरमधून अलीमचा माणूस मराठीत ओरडत होता, उजवा घाल, उजवा.

तिसऱ्या राउंडला दोघं एकमेकांना मिठी घालून लटकले. दम खायला असं करतात. तेव्हा त्या गड्यानं अलीमच्या कानाशी, तोंडातल्या रबरातून, घोगऱ्या आवाजात म्हटलं, "दादा, डावीकडचं दिसंना."

मराठी ऐकून अलीम चपापला. शब्द कळले, अर्थ पोचायचा होता. तेवढ्यात रेफ्रीनं दोघांना सोडवलं, आणि सुटताक्षणी अलीमचा उजवा हात गेला. वर्षानुवर्षं घोटवलेला हात, फट दिसली की तो विचारायला थांबत नाही. गडी खाली बसला, उठायला एक गुडघा उचलला, आणि मग आडवा झाला तो उठलाच नाही.

मेंदूत रक्त साचलं होतं. ऑपरेशन झालं, जीव वाचला. खरं नाव भीमा, गाव जामखेडच्या पलीकडं, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला, हे अलीमला दवाखान्याच्या जिन्यात कळलं. हेही कळलं, की महिनाभर आधी दुसऱ्या एका शहरात, दुसऱ्याच नावानं लढताना भीमाला असंच पाडलेलं होतं, आणि डोळा तेव्हाच गेला होता.

अलीमनं वाल्मिकला विचारलं, की याला माझ्यासमोर आणायचं ठरवलं कुणी. वाल्मिक चिडला नाही. शांतपणे म्हणाला, "मी फोन लावतो रे. तू हो म्हणालास, तो हो म्हणाला. दोघं घोडे झालायत. यात ठरवणारा मी कोण?"

त्यानंतर अलीम लढला नाही. पण भीमा त्याच्या मागं आला. कापसाच्या मशीनची घरघर थांबली की त्या शांततेत त्याला कानाशी घोगरा श्वास ऐकू यायचा. दुकानात माझ्याशी बोलताना तो मला उठवून उजवीकडं बसवायचा. डावीकडं कुणी असलं की सारखा वळून बघायचा. एकदा त्याच्या बायकोला, सुरय्याला, तो गच्चीवर दिसला. डावा डोळा तळव्यानं झाकून, भर उन्हात, वाळत घातलेल्या चादरींमधून सावकाश चालत होता. चादर अंगाला लागली की दचकायचा. तिनं हाक मारली तर म्हणाला, बघतोय किती दिसतं. सुरय्या धीराची बाई. ती त्याला म्हणाली, "एकदा जाऊन या त्याच्याकडं. तो माणूस आपल्या घरात राहायला आलाय."

मग तो गेला. नगरला एसटी बदलून जामखेड, तिथून जीपनं. ऊसतोडीचे दिवस होते. निम्मं गाव टोळ्या घेऊन कारखान्यांवर गेलेलं, दारांना कुलपं, रस्त्यात फक्त म्हातारी माणसं. भीमाचा बाप आणि भाऊही गेले होते. घरी भीमा आणि त्याची आई बायडाबाई.

भीमा ओट्यावर बसला होता. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. अलीमला वाटलं होतं शिव्या खाव्या लागतील, निदान तोंड तरी फिरवेल. पण भीमानं त्याला ओळखलं आणि हसला. अर्धाच चेहरा हसला. शेजारच्या म्हाताऱ्याला हाक मारून, एकेक शब्द ओढून काढत, त्यानं सांगितलं, की हाच तो, ह्याच्याशी मी लढलो. मग अलीमला विचारलं, दुसऱ्या राउंडला मी बरा खेळलो ना? अलीम म्हणाला, बरा खेळलास. ते खोटंही नव्हतं.

चहा झाला. शेवटी अलीमनं न राहवून विचारलं, की डोळा गेलेला होता तर तू आलास कशाला, तुला कुणी भरीला घातलं का. भीमाचा चेहरा बदलला. "मला कुनी वढून न्हेलं न्हाई. मी हो म्हनलो. माजं मी ठरवलं. तू न्हाई म्हनला असतास, तर दुसऱ्याशी लढलो असतो."

बायडाबाई त्याला जीपपर्यंत सोडायला आली. जीप आल्यावर म्हणाली, "त्यो होच म्हननार हुता, बाबा. त्याला त्येवढं एकच येत हुतं. न्हाई म्हनायला दुसरं कुनी तरी पायजे हुतं. तितं एवडी मान्सं हुती म्हनत्यात."

परत आल्यावर अलीमनं शेडमधली पिशवी पुन्हा टांगली आणि शिकवायला सुरुवात केली. येणाऱ्या प्रत्येकाला तो भीमाची गोष्ट सांगायचा. त्याची एकच अट. लढत आली, की समोरचा माणूस तो आधी स्वतः जाऊन बघणार. मग ते कोल्हापूर असो की हैदराबाद. तिथं जाऊन त्या खेळाडूबरोबर चहा प्यायचा, शेवटची लढत कधी झाली विचारायचा, आणि उठताना सहज त्याच्या एका बाजूनं हात पुढं करायचा, बघतोय का ते पाहायला. न पटलं तर नाही म्हणून मोकळा. वाल्मिक त्याला हसायचा, सोयरीक जमवायला निघालाय म्हणायचा. पण अलीमचे खेळाडू चांगले तयार होत होते, म्हणून वाल्मिकचे फोन येत राहिले.

त्या खेळाडूंत रोहिणी होती, बेलापूरची, बावीस वर्षांची. स्कूटीवर यायची. इतक्या जलद पायांची मुलगी मी पाहिली नाही. तिचा सराव सुरू झाला की माझी शिलाई थांबायची. वाल्मिकनं तिच्यासाठी मोठी लढत आणली, जिंकली असती तर पुढचं दार उघडणारी. अलीम जाऊन समोरची मुलगी बघून आला आणि नाही म्हणाला. ती वजनाला मोठी आहे, उपाशी राहून वजन उतरवते आणि लढतीच्या दिवशी परत भरते, म्हणाला. रोहिणीला ते माहीत होतं. तिनंही त्या मुलीच्या लढती बघितल्या होत्या, आणि शेवटच्या राउंडांना ती दमते हे तिनं हेरलं होतं.

"सर, मला दोन्ही डोळ्यांनी नीट दिसतंय," ती म्हणाली. "मी हो म्हणतेय ते बघून म्हणतेय. तरी तुम्हीच ठरवणार असाल, तर वाल्मिक आणि तुमच्यात फरक काय?"

अलीमनं वाल्मिकला फोन लावून हो कळवलं. तिला एकटी पाठवण्यापेक्षा आपण कॉर्नरला उभं राहू, असं त्यानं ठरवलं.

लढत आम्ही दुकानात मोबाईलवर पाहिली. रोहिणी सुंदर खेळली. पहिले राउंड मार खाल्ला, पण दिलाही, आणि पाचव्यापासून समोरचीचे पाय जड झाले. रोहिणीनं ओळखलं होतं तसंच. सहाव्यात एक ठोसा रोहिणीच्या डाव्या कानावर बसला. ती अर्धं पाऊल डगमगली, लगेच सावरली, हात वर घेतले. तेवढ्यात रिंगणात टॉवेल येऊन पडला. अलीमनं टाकला होता, म्हणजे आपल्या बाजूनं हार मान्य. लढत थांबली. रोहिणी वळून त्याच्याकडं बघत राहिली, धापा टाकत. तिला काय झालं तेच कळत नव्हतं.

परत येताना श्रीरामपूर स्टेशनवर उतरल्यावर ती म्हणाली, "सर, तुम्ही माझी लढत थांबवली नाही. त्याची थांबवली."

मग ती पुण्याला दुसऱ्या प्रशिक्षकाकडं गेली. लढतेय, जिंकतेय, मधे हरलीही. तो टॉवेल बरोबर होता की चूक, हे मी अलीमला एकदा विचारलं. तो म्हणाला, ते कळायला तिला मरू द्यायला पाहिजे होतं, आणि मग कळून काय उपयोग. मशीनकडं वळता वळता म्हणाला, पण ती जिंकत होती.

गेल्या वर्षी पुण्यातल्या काही आयोजकांनी एक समिती केली. कुठलीही जोडी तिच्यासमोर आल्याशिवाय लढत जाहीर करायची नाही. तीत एक डॉक्टर, एक जुना रेफ्री आणि अलीम. त्याचं नाव रोहिणीनं सुचवलं होतं. तिनंच फोन केला. जुनं काही काढलं नाही, फक्त म्हणाली, सर, एकट्यानं ठरवू नका म्हणजे झालं. तो आधी नको म्हणत होता. सुरय्यानं त्याचा डबा भरून हातात दिला.

पहिल्या बैठकीला त्यानं आग्रह धरला, की दोघंही खेळाडू समोर हवेत, आणि एकमेकांच्या देखत. जोड्या येत गेल्या, एका टेबलाशी बसून चहा पीत गेल्या, खाली बघत गेल्या. प्रत्येकाला तो म्हणायचा, तुझं म्हणणं सांग, मग आमचं सांगतो. एका जोडीला समितीनं नाही म्हटलं. तो मुलगा रडला. बाकीच्यांना हो म्हटलं.

अलीमला वाटलं होतं नाही म्हणणं जड जाईल. पण तो रडणारा मुलगा त्याला फारसा आठवत नाही. पाठ सोडत नाहीत ते हो म्हटलेले. आतापर्यंत त्याच्या मागं एकच माणूस होता, आता पुष्कळ आहेत. गादीत कापूस भरता भरता तो मधेच थांबतो, तेव्हा मी ओळखतो की आज कुठंतरी त्यांच्यातल्या कुणाची लढत आहे.

लढतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान उघडण्याआधी, तो पायरीवर बसून एकेकाला फोन लावतो. जिंकणाऱ्यालाही आणि हरणाऱ्यालाही. काय जेवलास, किती वाजता पोचलास, असलं काहीही विचारतो. उत्तराशी त्याला देणंघेणं नसतं. डोळे मिटून तो फक्त आवाज ऐकतो, भीमासारखा कुठं शब्द जड पडतोय का, अडतोय का. पलीकडून कुणी वैतागून, खणखणीत आवाजात "सर, झोपू द्या ना" म्हणालं, की तो फोन ठेवतो, पुढचा नंबर लावतो, आणि सगळे झाले म्हणजे उठून शटर वर करतो.