चाळीमागचा सोनटक्का

सोनटक्क्याचा एक कंद लावला की तो जमिनीखालून सरकत सरकत भलतीकडेच वर येतो. आमच्या बागेच्या किश्श्यांचंही तसंच. एक सांगायला बसलो की चार उगवतात!

बाग म्हणजे काय, चिंचपोकळीला आमच्या चाळीमागची वीसेक पावलांची पट्टी. मी आणि शेजारचे तात्या, दोघेही गिरणी सुटलेले. तात्यांनी तिथे आल्याच्या कुळातली फुलझाडं लावली. सोनटक्का, लाल आलं, टॉर्च जिंजर. सोबतीला केळीची चुलत बहीण, हेलिकोनिया.

यंदा कमिटीचा सेक्रेटरी परब येऊन म्हणाला, "गणपतीपर्यंत बाजारात एक तरी फूल विकून दाखवा. नाहीतर लाद्या घालून स्कूटर लावणार!"

तात्या त्या दिवशी जेवले नाहीत.

* * *

हेलिकोनियाला पहिल्यांदाच चार दांडे फुलले. नेमका त्याच दिवशी वरच्या मजल्यावर सत्यनारायण. चौरंगाला बांधायला केळीचे खांब मिळेनात. वहिनींनी, म्हणजे तात्यांच्या मंडळींनी, सरळ त्या दांड्यांवरच विळी चालवली.

तात्या पूजेला आले आणि बघतच राहिले. "अगं, हे उद्या दादरला जायचे होते!"

"आज देवाकडे आले. देव काय गिऱ्हाईक नाही?"

* * *

टॉर्च जिंजरच्या फुलात मुंग्या फार. बाजारात न्यायचं तर आधी त्या काढायला हव्यात. तात्या फूल बादलीत हळूच बुचकळायचे आणि मुंग्यांना सांगायचे, "उतरा गो बायांनो, दादर इला!"

* * *

शेवटी त्यातलंच एक फूल घेऊन आम्ही दोघे दादरच्या फुलबाजारात गेलो. एवढं मोठं, गुलाबी, मेण चढवल्यासारखं. फुलवाल्याने टिचकी मारून पाहिलं.

"काका, प्लास्टिकचा माल नाही घेत आपण."

तात्या तसे शांत. पण त्या दिवशी चिडले. एक पाकळी तिथेच दातांनी तोडून कराकरा चावून दाखवली!

फुलवाला हात जोडून म्हणाला, "खरं आहे, काका, मान्य! पण आता हे चावलेलं कोण घेणार?"

येताना हिंदमातापर्यंत आम्ही चालत आलो.

* * *

गणपती आले आणि गेले. फूल काही विकलं गेलं नाही. मग एका संध्याकाळी परब लादीवाल्याला घेऊन आला. सोनटक्का नुकता उमलत होता. तात्यांनी स्वतःच टेपचं एक टोक धरलं. म्हणाले, "झाडं सांभाळून काढू दे, एवढंच."

परबची आई तळमजल्यावरच राहते. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. तिची खाट खिडकीशीच, आणि खिडकी या पट्टीवरच उघडते. आतून आवाज आला, "काय रे मोजतोस?"

"लाद्या घालायच्यात, आई. स्कूटरसाठी."

"बरं. मग आधी माझी खाट त्या भिंतीकडे तोंड करून लाव."

परबने तात्यांच्या हातातलं टेपचं टोक हळूच सोडवून घेतलं आणि टेप गुंडाळत लादीवाल्याला म्हणाला, "चहा घेणार?"