गोठ्याच्या दाराची फळी

घर सोडलं त्या दिवशी आबा एसटीपर्यंत आले नाहीत. अंगणातल्या फणसाला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "जा तू. फणस काय पळून जात नाय." खेडच्या स्टँडवर दादाने माझी बॅग गाडीत चढवली. मला शिकता यावं म्हणून त्याने दहावीनंतर शाळा सोडली होती. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. पण ती पदवी अर्धी त्याची आहे, हे मी आजही मानतो.

आता बंगळूरला नोकरी करतो. दिवसभर काम स्क्रीनवरचं, हाताला काहीच लागत नाही, म्हणून स्वतःचा कीबोर्ड बनवायचा नाद लागला. आतला सर्किट बोर्ड मी आखला, एकेक स्विच सोल्डर केला, बटणांवर देवनागरी अक्षरं छापून घेतली. बाहेरची केस, म्हणजे पेटी, मात्र घरच्या लाकडाची हवी होती. दादाला म्हटलं, गोठ्याचं जुनं दार मोडलंय ना, फणसाचं, त्याची एक फळी पाठव.

फळी आली. रंधा मारलेली, हळदीसारखी पिवळी. "त्याच दाराची," दादा फोनवर म्हणाला, आबांनीही मागून हो म्हटलं. महिनाभर कोरून मी केस केली, ऑफिसात सगळ्यांना कौतुकाने दाखवली. मे महिन्यात आईने यंदाच्या गऱ्यांच्या रसाची फणसपोळी पाठवली. "आपल्याच झाडाची हाय. सगळी एकटाच खाऊ नको."

जूनपर्यंत केस पिळली. एक कोपरा वर आला, स्पेसबार अडकायला लागला. काय चुकलं ते कळेना, म्हणून गावच्या सुतारमामांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला.

"जुनं लाकूड असं पिळत नाय रे. ह्ये ओलं व्हतं. तुमचा फणस पाडला थंडीत, त्यातलीच फळी नाय का ही?"

दादाला फोन लावला. फणस खरंच पाडला का, विचारलं.

"मुळं घराच्या जोत्यात शिरली होती. खोली वाढवायची होती."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू नको म्हणाला असतास. आणि स्वतः तिकडं बंगळूरलाच बसला असतास."

झाड पाडलं याचा राग नाही, जोतं महत्त्वाचं. पण लहानपणी घरात आलेला प्रत्येक कागद मीच सगळ्यांना वाचून दाखवायचो. माझ्यापासून लपेल असं त्या घरात काही नव्हतं. आणि आता आबा, दादा, आई, तिघांनी मिळून एकच गोष्ट सांगायची ठरवली, पाहुण्याला सांगावी तशी. आईने तर त्या नसलेल्या झाडाची पोळीही पाठवली.

माझ्यासारखे जे बाहेर पडलेत, त्यांना हे नवीन नसेल. ज्या घरातलं सगळं आपल्याला ठाऊक असतं ते आपलं घर, असं मी समजत होतो. आता ज्या घरातून मला बरं वाटेल तेवढंच कळवतात, तेही माझंच घर आहे.

केस तशीच ठेवली आहे. उचललेल्या कोपऱ्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवून टाइप करतो. पोळी कोणाच्या झाडाची होती, ते आईला अजून विचारलेलं नाही. खाताना मला ती आपलीच लागली होती.