दाजींचं हलकं खोगीर

माझ्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, आयुष्यात कधी नीट बसले नाहीत. हे मी थट्टेने म्हणत नाही. तरुणपणी शर्यतीच्या घोड्यांना सकाळी पळवून आणायचं काम ते करत. त्या कामात स्वार खोगिरावर बसतच नाही. आखूड रिकिबींत पाय रोवून, पाठ वाकवून तो घोड्याच्या वर अधांतरी राहतो. घरीही दाजी खुर्चीच्या कडेला टेकायचे आणि दोन घास पोटात गेले की उठायचे. "लग्नात मी यांना पंख्याखाली उभं राहू दिलं नाही, उडून गेले असते," असं ताई येईल त्याला सांगायची. वजनाशी त्यांचं जन्माचं वैर. स्वतःचं वजन, बुटांचं, खोगिराचंसुद्धा.

पुढे शर्यतीतून बाद झालेले घोडे त्यांनी सांभाळायला घेतले. गावाबाहेरच्या पागेत ते आधी या घोड्यांना नुसतं चरू द्यायचे, मग हळूहळू रपेटीची सवय लावायचे. धावणं विसरून मोकळ्या रस्त्याने निवांत चालायचं, एवढंच त्यांना शिकवायचं असतं, आणि तेच अवघड असतं. त्यांची लेक, माझी भाची, त्यांच्याच हाताखाली तयार झाली होती. माझ्याकडे फाटकं उघडायची आणि लावायची, एवढंच काम होतं. निवृत्त माणसाला ते पुरतं.

एकदा एक तांबडी घोडी आली. उंच, सुकलेली. मानेच्या मागचं हाड वर आलेलं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना खळगे. दाजी तिला 'बाईसाहेब' म्हणायचे. तिच्यासाठी खोगीरवाला दोन खोगिरं घेऊन आला. एक रुंद, जाड गादीचं, हाडाला टेकू नये म्हणून मधून उचललेलं. दुसरं दाजींच्या जुन्या धंद्यातलं, पातळ, दोन बोटांनी उचलावं असं.

"हे खोगीर आहे?" रुंद खोगिरावर थाप मारत दाजी म्हणाले. "यावर पाहुणे बसवून चहा द्यायचा का?"

"काका, रपेटीला माणूस तासभर बसून असतो," खोगीरवाला म्हणाला. "वजन पसरायला जागा नको का?"

"बाबा, मला पण हेच बरं वाटतंय," भाची म्हणाली.

"तुला सोफाच बरा वाटणार. तिच्या पाठीला विचार."

त्यांनी पातळ खोगीर चढवलं आणि पोटाखालचा पट्टा आवळला. घोडीने कान मागे टाकले, दात करकर घासले. मला तो आवाज आवडला नाही आणि मी तसं म्हणालोही.

"मेहुणे, तुम्हाला नवे बूट चावत नाहीत?" दाजी म्हणाले. विषय तिथेच संपला. रुंद खोगीर खुंटीवर गेलं.

त्यानंतर दाजी रोज तिला स्वतः फिरवून आणत. घोडी खाली मान घालून शहाण्यासारखी परत यायची. "बघा! माझ्याखाली कशी लोण्यासारखी चालते. खोगिरात काही खोट नाही." मग एका संध्याकाळी ते भाचीला म्हणाले, "उद्या तू."

सकाळी वारा पडलेला होता. तलावाच्या बांधावरून एकच घोडा जाईल एवढी वाट आहे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला दगडी उतार. मी पलीकडच्या टोकाला फाटकापाशी उभा होतो. पुढे भाची, मागे आपल्या म्हाताऱ्या घोड्यावर दाजी. पाण्यावरून त्यांचं बोलणं अगदी कानाशी आल्यासारखं ऐकू येत होतं.

बांधाच्या मध्यावर घोडी शेपटी फटकारू लागली. माशा नव्हत्या. भाची रपेटीला बसतात तशी सरळ, पूर्ण वजन टाकून बसली होती, आणि प्रत्येक पावलाला घोडीची पाठ तिच्याखाली खचत होती. मान वर, वर चढत चालली होती.

दाजींचा घोडा थबकला. नंतर ते मला म्हणाले, "ती बसली होती हो. मी तिच्यावर कधी बसलोच नव्हतो." इतके दिवस ते सवयीने अधांतरीच राहिले होते. खोगिराची परीक्षा झालीच नव्हती.

"बाबा, ही आखडतेय. रिकिबीत उभी राहू?"

"नको!" दाजी जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले. बसलेला स्वार एकदम उठला की पळायचं, लगाम ओढला की आणखी जोरात पळायचं, एवढंच त्या घोडीला जन्मापासून शिकवलेलं. ओरडणं म्हणजे तर इशाराच. आणि बसून राहावं, तर तिच्या पाठीत कळ जात होती.

"लगाम सैल सोड. दोन्ही पाय काढ. घसरून खाली ये, पाण्याच्या बाजूने. हळू गं, माझी बाय."

भाचीने एक पाय काढला. घोडीचे कान मानेला चिकटले. दुसरा पाय निघाला आणि पोरगी घसरली, तोच घोडी उसळली. भाची पाण्याकाठच्या दगडांवर आपटली. घोडी सरळ माझ्याकडे सुटली. मोकळ्या रिकिबी तिच्या बरगड्यांवर आपटत होत्या आणि प्रत्येक आपटीसरशी ती आणखी वेग घेत होती. मी फाटक सताड उघडलं आणि खांबाला चिकटून उभा राहिलो. तिचा गरम श्वास माझ्या तोंडावरून गेला.

भाचीचा हात कोपरात मोडला होता. दाजींनी तिला उचलून माझ्या स्वाधीन केलं आणि माळावर थरथरत उभ्या असलेल्या घोडीकडे चालत गेले. खोगीर उतरवलं. सगळी पाठ घामाने निथळत होती, फक्त हाडाच्या दोन्ही बाजूंना तळहाताएवढे दोन कोरडे डाग होते. खोगीर रुतत होतं तिथे घामसुद्धा फुटला नव्हता. दाजींनी एका डागावर हात ठेवला, तशी घोडी गुडघ्यांत वाकली.

हात जुळला, घोडीची पाठही भरून आली. आता रुंद खोगीर वापरात आहे. पण पट्ट्याच्या बकलाचा आवाज झाला की घोडी अजून दात घासते, आणि तो आवाज ऐकून भाची पागेच्या दारातच थांबते. पाऊल आत टाकत नाही.

काल दाजी घोडीवर चढले. या वयात, रिकिबी लांब सोडून, पूर्ण वजन टाकून बसले. असं बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ओळखीचा माणूस परका दिसावा तसे ते दिसत होते. घोडी हलली नाही. कान मात्र मागेच होते.

"बाबा, येऊ?" दारातून भाचीने विचारलं.

दाजींनी त्या कानांकडे पाहिलं.

"अजून नको," ते म्हणाले, आणि तसेच बसून राहिले.