अमेरिका, रशिया आणि मधून चालणारी आजी

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, शीतयुद्ध संपलेले नाही. ते केनवडजवळच्या एका गावात सुरू आहे आणि मी ते डोळ्यांनी पाहिले आहे.

महायुद्धानंतर अमेरिका आणि रशिया एकेका देशाला आपल्याकडे ओढू लागले, तेव्हा कुण्या पेपरवाचकाने इथल्या दोन भांडखोर आळ्यांना तीच नावे दिली. ती आजही चालतात.

ग्रामपंचायतीचे मतदान होते. दोन्ही आळ्यांचे ऑटो मतदार गोळा करत फिरत होते. ज्याच्या ऑटोतून उतरलात, त्याचे मत तुम्ही, असा इथला हिशेब.

आणि मळ्यातून एक म्हातारी पायी निघालेली. नाव मी विचारले नाही. पदर खोचलेला, तुटकी चप्पल हातात, रस्त्याच्या अगदी मधोमध. डावीकडे अमेरिका रांगत होती, उजवीकडे रशिया. ती थांबली की दोघे थांबत. मागे मोटारसायकलवर मी, हॉर्न न वाजवता, परमानंदात!

"आजी, बसा ना. ऊन तापून राह्यलं."

"त्याचं नोका ऐकू आजी, आपल्या गाडीत या!"

ती स्वतःच्या बाटलीतले पाणी प्यायली आणि लंगडत पुढे निघाली. त्या काळी कितीतरी लहान देश असेच चालले असतील, असे मला वाटून गेले.

शाळेच्या फाटकाशी एका उमेदवाराने हात जोडले. "दोन दोन गाड्या असून पायी काहून आल्या, आजी?"

सगळी रांग ऐकेल अशा आवाजात ती कडाडली, "तुमच्या गाडीत फुकट बसलं का, मंग उतराले तुमालेच इचारा लागते!"