परक्या हाताची भाकरी

ऊसतोडणीचा हंगाम संपला की सोमेश्वरनगरच्या आसपास जी शांतता पसरते, तिच्यात कुत्र्यांच्या गप्प बसण्याचा वाटा मोठा असतो. एप्रिलमधल्या एखाद्या सकाळी कारखान्याचा भोंगा हंगामातला शेवटचा म्हणून वाजतो. तोडकरी त्याला ‘पट्टा पडला’ म्हणतात. पुढच्या दोन-तीन दिवसांत पाचटाच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, मोडल्या जातात आणि बीड-आष्टीकडे निघालेल्या ट्रकांत भांडी, बाजा, कोंबड्या, जळण आणि मुले चढवली जातात. कुत्र्यांना मात्र जागा नसते. माणसे फडात गेलेली असताना ज्यांनी सहा महिने कोप्या आणि तान्ही मुले राखली, ती कुत्री ट्रक दिसेनासा झाल्यावर चुलीच्या तीन दगडांपाशी येऊन बसतात आणि राख थंड झाली तरी तिथून उठत नाहीत.

१९९३ च्या एप्रिलमध्ये अशा रिकाम्या तळावर भाकरीचे टोपले घेऊन बानूबाई प्रथम गेली, ती कुशाबाईच्या सांगण्यावरून. कुशाबाई पाटोद्याकडची तोडकरी. तिची काळी-पांढरी कुत्री मोरी ट्रकमागे कालव्याच्या पुलापर्यंत धावली होती.

“आक्का, पुढच्या सालाला येते. तवर हिला दोन घास टाक,” एवढेच कुशाबाई ट्रकवरून म्हणाली होती.

बानूबाईने मोरीबरोबर आणखी चार कुत्री घरी आणली.

बानूबाईचे सासर निरवांगीचे. तिचा नवरा दत्तोबा याच्या घरी तीन पिढ्या मेंढरे होती. कालव्याच्या पाण्याबरोबर ऊस आला, चराईचे माळ आक्रसत गेले, आणि १९८८ साली दत्तोबाने कळप विकून सोमेश्वरनगरजवळ उसाचे ट्रॅक्टर भरण्याचे काम धरले. मेंढरांबरोबर बानूबाईचे सगळे ज्ञान निरुपयोगी झाले. कोणते कोकरू जगेल, पाऊस कोणत्या अंगाने येईल, कोणत्या गावची माणसे तळ टाकू देतील, हे तिला आता कोणी विचारत नव्हते. एक गोष्ट तेवढी उरली होती. तिला कुत्रे घडवता येत होते.

म्हणून तिने ठरवले की या कुत्र्यांना नुसते पोसायचे नाही, ‘दार बघून द्यायचं’. हे शब्द तिचेच. बारामतीच्या आठवडे बाजारात, पिठाच्या गिरणीवर, लग्नाच्या पंगतीत ती भेटेल त्याला विचारी, “तुमच्या दारात कुत्रं हाय का? न्हाय? मग बिनराखणीचं घर म्हणायचं की.” लोक हसत, पण वस्तीवर राहणाऱ्यांना राखणीची गरज होती आणि मेंढपाळाच्या हाताखालचे कुत्रे म्हटल्यावर तिच्या शब्दाला वजन येई. पैसे ती घेत नसे. स्वतः वळलेला काळ्या लोकरीचा दोरा कुत्र्याच्या गळ्यात बांधून ती त्याला निरोप देई.

तिची शिकवण्याची पद्धत मेंढरांच्या तळावरची होती. उघड्या माळावर मुक्काम असताना चोर आधी कुत्र्यांना विषाची भाकरी टाकत आणि मग कोकरे उचलत. त्यामुळे तळावरचे कुत्रे एकाच हाताचे खाई, आणि तो हात घरच्या कारभारणीचा असे. बानूबाई दत्तोबाला मिरची भरलेला घास पुढे करायला लावी. कुत्र्याचे तोंड पोळले की स्वतःच्या हातचा ताक-भाकरीचा घास देई. दोन-तीन महिने हे चाले. अखेरीस दत्तोबाने मटणाचा तुकडा धरला तरी कुत्रे मान वळवी.

“पस्तीस वर्सं तुझ्या हातचं खातोय,” दत्तोबा म्हणे, “आन् आता ही बेनी मला चोर समजत्यात.”

“चोरच हायसा. परवा ताकाचं गाडगं कुणी संपवलं?”

पद्धतीला जोडून एक रीतही होती. दिलेल्या कुत्र्याच्या नव्या दारात देणाऱ्याने वर्षभर पाऊल टाकायचे नाही. टाकले तर कुत्रे मागे येते आणि ते घर त्याला कधीच लाभत नाही. बानूबाईने ही रीत कसोशीने पाळली. वर्ष उलटल्यावरही, मुद्दाम जाऊन कशाला त्याचे मन चाळवा, म्हणून ती गेली नाही. दोन वर्षांत अकरा कुत्री अशी दारी लागली. कोणाकडून कसलीच तक्रार आली नाही आणि तिने त्या शांततेचा अर्थ सुख असा लावला. मोरीला मात्र तिने कोणाला दिले नाही, कारण ती दुसऱ्याची ठेव होती. पण घरात असेल ते कुत्रे शिकलेले असावे, म्हणून तिने मोरीलाही तेच शिकवले.

कुशाबाई पुढच्या साली आली नाही. मुकादम बदलला आणि टोळी दुसऱ्या कारखान्याला गेली. ती परतली १९९५ च्या नोव्हेंबरात. कोपी उभी करायच्या आधीच ती बानूबाईच्या अंगणात येऊन उभी राहिली. मोरीने तिला लांबूनच ओळखले. ती जमिनीला पोट घासत आली, कुशाबाईच्या पायांवर लोळली आणि लहान मूल हुंदके देते तशी कण्हू लागली. कुशाबाईने पदराची गाठ सोडून वाटेसाठी बांधलेली शिळी भाकरी काढली आणि तिच्यापुढे धरली.

मोरीने भाकरी हुंगली. शेपटी हलत होती. मग तिने मान वळवली.

“वळखलं तर हाय मला,” कुशाबाई म्हणाली. “मंग खाईना का?”

 बानूबाईने ती भाकरी कुशाबाईच्या हातातून घेतली आणि पुढे केली, तेव्हा मोरीने ती दोन घासांत संपवली. कुशाबाई बघत राहिली.

“तुझीच झाली म्हण की, आक्का,” ती हसून म्हणाली. पण हसू पुरते उमटले नाही.

त्या दिवसापासून बानूबाईच्या मनात एक प्रश्न घर करून राहिला. जी कुत्री ओळखीच्या, जीव लावणाऱ्या हाताचे खात नाही, तिच्यासारखीच शिकवलेली अकरा कुत्री अनोळखी दारांत काय खात असतील? चार दिवसांनी न जाण्याचा नेम मोडून ती लोणी भापकरला विजयसिंह या बागाईतदाराच्या वस्तीवर गेली. तिथे तिने भुंड्या नावाचे कुत्रे दिले होते. अंगणात दाण्यांची भरड पाखडत विजयसिंहाची म्हातारी आई साखरबाई बसली होती.

“ये बाय,” साखरबाई म्हणाली. “लई उशीर केलास.”

“भुंड्या कुठं हाय, आई?”

“त्ये गेलं की. आणलं त्याच महिन्यात.” साखरबाईने सूप खाली ठेवले. “ह्या हातानं दूध-भाकरी चारायचा येत्न केला. विजयनं केला, सुनंनं केला. त्वांड फिरवायचं. नुसतं पाण्याव तेरा दिस काढलं. पण राखण सोडली न्हाय हां. उठता येत न्हवतं तरी कुणी आलं की पडल्या जागी भुकायचं.”

“मला सांगावा का न्हाय धाडला?”

“विजय म्हणाला, बानूबाईनं जीव लावून दिल्यालं, तिला कशापायी सांगायचं? आमालाच अपराध्यावानी झालं, बाय. वाटलं, आमच्याच घरात काय खोट हाय.”

त्या आठवड्यात बानूबाई बाकीची दारे फिरली. दोन कुत्री जिवंत होती. ती लहानपणी, शिकवण पुरी व्हायच्या आत दिलेली होती. सहा उपाशी मेली होती आणि दोन दावे तोडून निघून गेली होती. ती तिच्याकडे कधी पोहोचली नाहीत. प्रत्येक दारात तिला साखरबाईसारखाच संकोच भेटला. प्रत्येक घराने दोष आपल्याकडे घेतला होता आणि तिला दुखवू नये म्हणून मौन पाळले होते. तिच्या रीतीने तिचे पाय बांधले होते आणि लोकांच्या चांगुलपणाने त्यांची तोंडे. या दोहोंच्या मध्ये भुकेला अडवणारे कोणी उरले नव्हते.

घरी आल्यावर तिने दत्तोबाला विचारले, “तळावर तुमची आय मेल्यावर कुत्री कशी जगली वं?”

दत्तोबाने आठवून सांगितले. “तू नवी नवरी हुतीस न्हवं? आय तुझा हात आपल्या हाताखाली धरून घास द्यायची. वरीसभर. ध्यानात न्हाय तुझ्या?”

ध्यानात होते, पण सासूने नव्या सुनेला घरात ओढून घेण्याची ती एक माया आहे असेच चौदा वर्षांच्या बानूला वाटले होते. तो विधी कुत्र्यांसाठी होता हे तिला आत्ता, पन्नाशी ओलांडल्यावर कळले. तळावरच्या ज्ञानाचे दोन भाग होते. कुत्र्याला परक्या हातापासून तोडायचे, आणि वेळ आली की एका हाताकडून दुसऱ्याकडे सोपवायचे. पहिला भाग तिने रोज वापरला होता. दुसरा पिढीतून एकदाच लागत असे. तिला सून आली नाही, म्हणून तो तिच्या वाट्याला पुन्हा आला नाही.

तिच्याजवळ त्या वेळी मोरी धरून पाच कुत्री होती. चौघांची शिकवण अजून कच्ची होती. ती तिने उलटी फिरवली. चौघांना एसटीच्या थांब्यावर नेऊन बसवायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात भाकरीचा तुकडा देऊन म्हणायची, “एवढा घास चारा त्याला.” लोक थट्टा करत. “म्हातारे, आमाला चार की.” पण चारत. जानेवारी संपेपर्यंत चारही कुत्री कोणाच्याही हातचे खाऊ लागली. कोणाला बघितले तरी शेपटी हलवत धावत. दोघांसाठी दारेही ठरली. तळावरचे कुत्रे म्हणून ती आता कवडीच्या मोलाची होती, आणि बानूबाईला याचाच आनंद होता.

मोरीसाठी दुसरा उपाय चालू होता. रोज संध्याकाळी फडातून आल्यावर कुशाबाई अंगणात येई. उसाच्या पात्याने चिरलेला तिचा हात बानूबाई आपल्या हाताखाली धरी आणि दोघी मिळून घास पुढे करत. मोरी तो घेई. बानूबाईने बोटे हळूच काढून घेतली की ती चघळणे थांबवून वर बघे.

“पट्टा पडस्तवर जमंल का गं?” कुशाबाई विचारी. “डायवरला सांगून ठिवलंय. बैलाच्या पायात बसंल म्हणाला.”

“जमंल की. बोटबोट काढायचं,” बानूबाई म्हणे.

फेब्रुवारीच्या शेवटी परिसरात एक पिसाळलेले कुत्रे फिरत असल्याची अफवा उठली. त्यानंतर एका सकाळी थांब्यापासून कोप्यांपर्यंत बुंदीचे लाडू पडलेले आढळले. ते कोणी टाकले, कोणाच्या सांगण्यावरून टाकले, हे कधीच उघड झाले नाही. बानूबाईची चारही कुत्री थांब्याजवळ ओळीने पडलेली सापडली. थांब्यावरच्या पानवाल्याने सांगितले की एका अनोळखी माणसाने हात पुढे केला तेव्हा ती शेपट्या हलवत त्याच्याकडे गेली. मोरीही त्यांच्याबरोबर होती. तिने लाडू हुंगला आणि मान वळवली.

दत्तोबाने खड्डे खणले. खणताना तो एकदाच बोलला. “तुझं काय चुकलं न्हाय, बानू.”

“न्हाय कसं? शिकीवलं तवा उपाशी मेली. इसरायला लावलं तवा खाऊन मेली. दोन्ही बारीला माझाच हात हुता.”

दत्तोबाने शेवटच्या खड्ड्यावर माती लोटली.

त्या संध्याकाळी कुशाबाई नेहमीसारखी आली. बानूबाईने तिचा हात आपल्या हाताखाली घेतला, पण बोटे काढली नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी कुशाबाईनेच विचारले, “आक्का, आता काढ की.”

“उद्या काढू.”

कुशाबाईला कळले असावे. ती रोज येत राहिली, हात हाताखाली ठेवत राहिली आणि पुन्हा तिने ते विचारले नाही. ज्या नकाराने मोरी वाचली होती, तो नकार आपल्या हाताने मोडायचा, आणि न मोडावा तर तिला उपाशी मरायला पाठवायचे, या दोहोंतले एक बानूबाईला निवडायचे होते. तिने काहीच निवडले नाही, आणि तेवढ्यात एप्रिल आला.

ट्रक भरला तेव्हा ड्रायव्हरने शब्द पाळला. बैलांच्या पायांशी पाचट पसरलेले होते. कुशाबाईने मोरीला कवेत उचलले, वर चढवायला गेली आणि थांबली. तिने पदरातून भाकरी काढली, एकट्या हाताने धरली. मोरीने हुंगली, कुशाबाईचे कोपर चाटले आणि बानूबाईकडे बघितले.

“दोन दिसांची वाट हाय,” कुशाबाई म्हणाली. “भूक लागली की खाईल. व्हय ना, आक्का?”

बानूबाईने भुंड्याचे तेरा दिवस तिला सांगितले. कुशाबाईने मोरीला खाली ठेवले. या वेळी मोरी ट्रकमागे धावली नाही. पुढच्या साली येते, असेही या वेळी कोणी म्हटले नाही.

तळावर त्या वर्षी आठ-नऊ कुत्री मागे राहिली. बानूबाई भाकऱ्या घेऊन गेली, पण कोणाला जवळ बोलावले नाही, कोणाला नाव ठेवले नाही. चुलींच्या दगडांवर भाकऱ्या मांडून ती परतली. आपण गेल्यावर हिचे काय, हा विचार तिला मोरीकडे बघताना येत होता. त्या दिवसापासून तिने मोरीलाही हातातून द्यायचे थांबवले. अंगणातल्या पाट्याच्या दगडावर भाकरी ठेवायची आणि पाठ करून उभे राहायचे. कोणाच्याच हाताचे न खाणारे, हाताशिवाय खाणारे कुत्रे जगेल, एवढाच एक मार्ग तिला उरलेला दिसत होता.

पहिल्या दिवशी मोरीने भाकरी खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी बानूबाई दुपारपासून पाठ करून उभी होती. मागे नखांचा आवाज झाला, दगडापाशी क्षणभर थांबला आणि पुढे आला. मोरी तिच्या टाचेला अंग टेकवून बसली. तिची कूस आत-बाहेर होत होती, ती हाडे बानूबाईला पोटरीवर जाणवत होती. दगडावरच्या भाकरीला मुंग्या लागल्या होत्या. बानूबाईने दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले आणि मागे वळून बघितले नाही.